फंक्शनची अनेक उत्तरे आणि अनावश्यक मूल्यांचा त्याग : ग्रहलाघवातील ‘निरग्र’ ते पायथॉनमधील अंडरस्कोर

सारांश

संगणकाच्या आज्ञावलीतील एखादे फंक्शन एकाच वेळी अनेक मूल्ये परत देते. त्यांपैकी काही मूल्यांची गरज असते, काहींची नसते. नको असलेली मूल्ये कशी सोडावीत, यासाठी निरनिराळ्या भाषांनी निरनिराळ्या सोयी केल्या आहेत. प्रस्तुत लेखात सिहोरा परिसरातील धानाच्या मोजणीचे उदाहरण घेऊन या सोयींचा परिचय करून दिला आहे. तसेच गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथातील अहर्गणाच्या गणिताच्या आधारे, कोणते मूल्य सोडणे योग्य व कोणते सोडणे घातक, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : फंक्शन, टपल, मूल्यांची उकल, अंडरस्कोर, अहर्गण, निरग्र

१. प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा हा परिसर धानाचा आहे. रोहिणी-मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकावयाचे, पाऊस स्थिरावला की रोवणी करावयाची आणि दिवाळीच्या आगेमागे धान घरी आणावयाचे, हा येथील वर्षाचा क्रम होय. धान विक्रीस निघाले की मोजमाप आले, आणि मोजमाप आले की भागाकार आला. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जी गोष्ट पुस्तकात किचकट वाटते, ती अनेकदा अशा खळ्यावरच्या हिशेबात सहज सापडते.

समजा, एका शेतकऱ्याचे धान १,७४६ किलो भरले आणि प्रत्येक कट्ट्यात ४० किलोची भरती करावयाची आहे. १,७४६ ला ४० ने भागले असता ४३ पूर्ण कट्टे भरतात व २६ किलो धान उरते. भागाकाराची क्रिया एक, परंतु तिची उत्तरे दोन : भागाकार आणि बाकी. आता ही दोन उत्तरे कोणाला हवी आहेत, हे पाहू. भरलेल्या कट्ट्यांची थप्पी मोजणाऱ्यास केवळ ४३ हा आकडा पुरतो. सुटे धान पुन्हा घरी नेणाऱ्यास केवळ २६ किलोशी कर्तव्य आहे. बारदाना पुरविणाऱ्यास मात्र दोन्ही उत्तरे पाहावी लागतात, कारण बाकी शून्य नसेल तर त्याला ४३ ऐवजी ४४ रिकामी पोती द्यावी लागतील. त्याने बाकीकडे दुर्लक्ष केले तर एक पोते कमी पडेल.

या छोट्या हिशेबातच प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा सामावलेला आहे. एखादे मूल्य ‘अनावश्यक’ असणे हा त्या मूल्याचा गुण नव्हे. ते घेणाऱ्याच्या प्रयोजनावर अवलंबून असते. म्हणून मूल्य सोडणे हा एक निर्णय आहे, आणि निर्णय असल्यामुळे तो आज्ञावलीत उघडपणे लिहिलेला असावा.

२. अनेक मूल्ये आणि त्यांची उकल

पायथॉन या भाषेत डिव्हमॉड नावाचे एक अंगभूत फंक्शन आहे. ते भागाकार व बाकी ही दोन्ही मूल्ये एका जोडीच्या रूपाने परत देते. अशा क्रमबद्ध समूहास ‘टपल’ म्हणतात. हा समूह सोडवून त्यातील प्रत्येक मूल्य स्वतंत्र चलात ठेवण्याच्या क्रियेस आपण ‘उकल’ म्हणू.

पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, चलांची नावे देवनागरीतही देता येतात. मात्र अंक आंतरराष्ट्रीय रूपातच लिहावे लागतात. म्हणून पुढील उदाहरणांत प्रत्येक संख्येस आधीच नाव दिले आहे आणि डिव्हमॉडला ‘भागून_पाहा’ असे देवनागरी नाव ठेवले आहे, असे समजावे.

कट्टे, सुटे = भागून_पाहा(वजन, भरती)

या एका ओळीने कट्टे या चलात ४३ व सुटे या चलात २६ ही मूल्ये येतात. डावीकडील नावांची संख्या व उजवीकडून आलेल्या मूल्यांची संख्या जुळणे येथे आवश्यक आहे. दोन मूल्यांसाठी तीन नावे लिहिली, अथवा तीन मूल्यांसाठी दोन, तर पायथॉन तेथेच चूक दाखवून थांबते. यातूनच प्रश्न उद्भवतो : दुसरे मूल्य नकोच असेल, तर त्याच्या जागी काय लिहावे?

‘सुटे’ हे नाव तसेच ठेवून पुढे त्याचा कोठेही उपयोग न करणे, हा एक मार्ग आहे. परंतु सहा महिन्यांनंतर ती आज्ञावली वाचणाऱ्यास हे मूल्य जाणूनबुजून सोडले की वापरावयाचे विसरले, हे कळत नाही. म्हणून पायथॉनमध्ये नको असलेल्या जागी केवळ एक अधोरेषा, म्हणजे अंडरस्कोर, लिहिण्याचा संकेत रूढ आहे.

कट्टे, _ = भागून_पाहा(वजन, भरती)

‘येथे एक मूल्य येते हे मला ठाऊक आहे, ते मला नको आहे’ असे ही अधोरेषा सांगते. बाकीच हवी असेल तर अधोरेषा पहिल्या जागी येते. मूल्ये बरीच असतील आणि केवळ पहिलेच हवे असेल, तर अधोरेषेपूर्वी तारांकन लावून उरलेली सर्व मूल्ये एकाच जागी गोळा करता येतात.

पहिले, *_ = यादी

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पायथॉनमधील अधोरेषा ही कोणतीही जादू नव्हे; ते एक साधे चलनाम आहे. सोडलेले मूल्य प्रत्यक्षात त्या चलात जाऊन बसते. यामुळे दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पायथॉनशी थेट संवाद साधताना अधोरेषेत शेवटच्या उत्तराचे मूल्य आपोआप ठेवलेले असते. आपण तिला मूल्य दिले की ती सोय झाकली जाते. दुसरे असे की, आज्ञावलीतील मजकूर अनेक भाषांत दाखविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गेटटेक्स्ट या व्यवस्थेत भाषांतर करणाऱ्या फंक्शनचे नावच प्रथेने अधोरेषा असे ठेवतात. तेथे अधोरेषेत बाकी टाकली तर भाषांतराचे फंक्शन पुसले जाईल. २०२१ मधील ३.१० या आवृत्तीत आलेल्या मॅच या रचनेत मात्र अधोरेषा खऱ्या अर्थाने रिकामी जागा आहे. तेथे तिच्यात काहीही साठविले जात नाही.

३. इतर भाषांतील सोयी

हा प्रश्न पायथॉनपुरता मर्यादित नाही. प्रोलॉग, एमएल व हॅस्केल या भाषांत अधोरेषा हे ‘काहीही चालेल’ असे चिन्ह आहे. कॉमन लिस्पमधील भागाकाराचे फंक्शन दोन मूल्ये देते, पण घेणाऱ्याने एकच मागितले तर दुसरे आपोआप गळून पडते. मॅटलॅबमध्ये २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून नको असलेल्या जागी नागमोडी टिल्ड हे चिन्ह लिहिता येते. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकानुसार दोन स्वल्पविरामांमधील जागा मोकळी सोडली की तेथील मूल्य वगळले जाते. सी शार्प भाषेत २०१७ मध्ये, तर जावा भाषेत २०२४ मधील २२ व्या आवृत्तीत अधोरेषेला निनावी चलाचा दर्जा मिळाला. विशेष म्हणजे त्यापूर्वी जावाने आपल्या ९ व्या आवृत्तीत अधोरेषा हे साधे चलनाम म्हणून वापरण्यास मनाई केली होती.

या सर्वांत गो या भाषेची भूमिका अधिक कडक आहे. तेथे फंक्शनच्या आत घोषित केलेले चल वापरले नाही तर कंपायलर आज्ञावली स्वीकारतच नाही. म्हणून नको असलेल्या मूल्यासाठी अधोरेषा लिहिणे तेथे केवळ संकेत न राहता आवश्यकता बनते.

४. ग्रहलाघवातील उदाहरण

नको असलेले उत्तर सोडण्याचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, असे मात्र नाही. ज्या पंचांगात पाहून आपला शेतकरी मृग कधी लागतो हे ठरवितो, त्या पंचांगाच्या गणितात हा प्रश्न पावलोपावली येत असे. कोकणातील नांदगाव येथील गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला. ज्या-चापांच्या कोष्टकांशिवाय ग्रहगणित करण्याची सोय त्यात असल्यामुळे महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी तो दीर्घकाळ वापरला. या ग्रंथातील पहिलेच महत्त्वाचे गणित अहर्गणाचे, म्हणजे ठरावीक आरंभापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येचे आहे. मोठ्या संख्या टाळण्यासाठी गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे एक ‘चक्र’ कल्पिले व एका चक्राचे दिवस ४,०१६ धरले.

शके १९४६ च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेचे उदाहरण घेऊ. १९४६ मधून १४४२ वजा करता ५०४ उरतात. ५०४ ला ११ ने भागता भागाकार ४५ व बाकी ९ येते. येथे दोन्ही उत्तरे ठेवावयाची आहेत : ४५ ही चक्रांची संख्या, ९ ही चालू चक्रातील गत वर्षे.

चक्र, गतवर्षे = भागून_पाहा(शक - आरंभशक, अकरा)

गत वर्षांना १२ ने गुणून १०८ महिने मिळतात. चैत्राचा आरंभच असल्यामुळे त्यांत आणखी महिने मिळवावयाचे नाहीत. अधिक मासांसाठी या १०८ मध्ये चक्रांची दुप्पट ९० व आणखी १० मिळवून २०८ होतात. त्यांस ३३ ने भागता भागाकार ६ व बाकी १० येते. सहा अधिक मास पूर्ण झाले आहेत. बाकी म्हणजे अद्याप पूर्ण न झालेल्या अधिक मासाचा अंश. तो सोडावयाचा.

अधिमास, _ = भागून_पाहा(मास + दोन * चक्र + दहा, तेहतीस)

महिने ११४ झाले. त्यांस ३० ने गुणून ३,४२० तिथी येतात. त्यांत चक्रांचा सहावा हिस्सा मिळवावयाचा आहे. ४५ ला ६ ने भागता भागाकार ७ व बाकी ३ येते. या ठिकाणी ग्रंथकाराने ‘निरग्र’ हा शब्द घातला आहे. अग्र म्हणजे शेष. निरग्र म्हणजे शेष टाकून दिलेले. बाकीचे काय करावे याविषयी शिष्याच्या मनात शंका राहू नये, म्हणून तिचा त्याग शब्दाने सांगितला आहे. आजचा आज्ञावलीकार जेथे अधोरेषा लिहितो, तेथे गणेश दैवज्ञांनी हा एक शब्द लिहिला.

दिनभर, _ = भागून_पाहा(चक्र, सहा)

तिथी ३,४२७ झाल्या. क्षयदिनांसाठी त्यांस ६४ ने भागता भागाकार ५३ व बाकी ३५ येते. पुन्हा बाकी सोडावयाची. ३,४२७ मधून ५३ वजा करता ३,३७४ हा अहर्गण सिद्ध होतो.

शेवटी वार काढावयाचा आहे. ४,०१६ ला ७ ने भागता बाकी ५ उरते, म्हणजे प्रत्येक पूर्ण चक्रामागे वार पाचने पुढे सरकतो. म्हणून चक्रसंख्येची पाचपट, म्हणजे २२५, अहर्गणात मिळवावी. बेरीज ३,५९९ होते. तिला ७ ने भागता भागाकार ५१४ व बाकी १ येते. सोमवार शून्य धरला असता १ म्हणजे मंगळवार. शके १९४६ ची वर्षप्रतिपदा ९ एप्रिल २०२४ रोजी, मंगळवारीच होती.

_, वार = भागून_पाहा(अहर्गण + पाच * चक्र, सात)

येथे अधोरेषेची जागा बदलली, हे लक्षात घ्यावे. मधल्या तीन भागाकारांत बाकी सोडली. या शेवटच्या भागाकारात पूर्ण आठवड्यांची संख्या सोडली आणि बाकी ठेवली. पहिल्या भागाकारात काहीच सोडले नाही. समजा, एखाद्याने चक्रांचा शेवटी उपयोग नाही असे मानून शेवटच्या पायरीत ती गाळली, तर ३,३७४ ला ७ ने निःशेष भाग जातो आणि वार सोमवार येतो. उत्तर दिसावयास निर्दोष, पण एका दिवसाने चुकलेले. अशी चूक शोधणे सर्वांत कठीण असते, कारण गणित कोठेही अडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अनेक ठिकाणी बाकी सोडल्यामुळे अहर्गणात कधी कधी एका दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून काढलेला वार प्रत्यक्ष वाराशी जुळतो का, हे पाहून अहर्गणात एक मिळविण्याची अथवा वजा करण्याची प्रथा ज्योतिषांत होती. म्हणजे वार हे केवळ एक उत्तर नसून बाकीच्या उत्तरांची परीक्षा आहे. इतर शेष सोडण्याची मुभा मिळते ती ही परीक्षा कायम असल्यामुळे. परीक्षाच सोडून दिली तर ती मुभा राहत नाही.

५. जे सोडू नये

संगणकाच्या आज्ञावलीतही अशी परीक्षेची मूल्ये असतात. ‘काम झाले की नाही’, ‘नोंद सापडली की नाही’ हे सांगणारे मूल्य हा त्यांचा नेहमीचा प्रकार होय. ती सोडल्यास काय घडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१० मधील आहे. अँड्रॉइड दूरध्वनीतील एडीबी नावाची सेवा प्रथम सर्वोच्च अधिकाराने सुरू होई आणि नंतर ‘मला सामान्य वापरकर्त्याचे अधिकार दे’ अशी विनंती कार्यप्रणालीला करी. विनंती मान्य झाली की नाही, हे सांगणारे मूल्य परत येई. पण ती सेवा ते पाहत नसे. त्या वापरकर्त्याच्या नावावर चालू शकणाऱ्या प्रक्रियांची कमाल मर्यादा आधीच भरून टाकली की विनंती फेटाळली जाई आणि सेवा सर्वोच्च अधिकारानिशीच पुढे चालू राही. या एका न पाहिलेल्या मूल्याच्या आधारे दूरध्वनीचा संपूर्ण ताबा मिळविता येत असे.

आपल्या परिसराच्या जवळचे उदाहरण सातबाराचे घेऊ. गाव नमुना सातमध्ये धारकाचे नाव, क्षेत्र, पोटखराबा व इतर अधिकार यांच्या नोंदी असतात. गाव नमुना बारामध्ये पिकांच्या. गट क्रमांकावरून ही माहिती देणारे एक फंक्शन आपण लिहिले आणि नोंद सापडली की नाही हे शेवटचे मूल्य ठेवले, अशी कल्पना करू. धान खरेदीच्या नोंदणीसाठी क्षेत्र हवे म्हणून कोणी पुढील ओळ लिहिली :

_, क्षेत्र, *_ = सातबारा_वाचा(गट)

ओळ सुटसुटीत आहे. परंतु गट क्रमांक लिहिताना चूक झाली व नोंद सापडली नाही, तर क्षेत्राच्या जागी शून्य येईल आणि ‘सापडली नाही’ हे सांगणारे मूल्य तारांकित अधोरेषेत नाहीसे होईल. आज्ञावली त्या शेतकऱ्याच्या नावे शून्य क्षेत्र लिहून पुढच्या शेतकऱ्याकडे वळेल. ज्याचे धान खळ्यावर पडून आहे त्याच्या दृष्टीने हा अधोरेषेचा प्रश्न नसून वर्षभराच्या कमाईचा प्रश्न आहे. तसेच ‘इतर अधिकार’ या रकान्याचे. क्षेत्राची बेरीज करणाऱ्यास तो अनावश्यक आहे. तीच जमीन विकत घेणाऱ्याने तो वाचला नाही तर त्यावरील बोजा त्याच्या गळ्यात पडेल. फंक्शन तेच, मूल्य तेच. प्रयोजन बदलले की त्यागाची योग्यता बदलते.

६. काही सूचना

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरतील अशा काही सूचना करता येतील.

(अ) सोडावयाचे मूल्य अधोरेषेने उघडपणे सोडावे. न वापरलेले नाव तसेच ठेवू नये.

(आ) सोडलेले मूल्य कोणते, हे वाचकास कळणे महत्त्वाचे असेल तर अधोरेषेपुढे नाव जोडावे. उदाहरणार्थ, ‘_पोटखराबा’. त्यामुळे त्यागही कळतो आणि कशाचा त्याग, हेही कळते.

(इ) यश-अपयश सांगणारे मूल्य सोडू नये. फंक्शन आपणच लिहीत असू, तर असे मूल्य इतरांच्या रांगेत न ठेवता नोंद न सापडल्यास अपवाद उत्पन्न करावा, म्हणजे दुर्लक्ष करणे सहजासहजी शक्य होणार नाही. काही भाषांनी अशी व्यवस्था कंपायलरमध्येच केली आहे. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या मानकात ‘हे मूल्य टाकू नये’ अशी खूण फंक्शनवर करता येते; रस्ट भाषेत यशापयशाचे मूल्य न पाहता सोडले तर इशारा मिळतो.

(ई) तारांकित अधोरेषा जपून वापरावी. उद्या फंक्शनमध्ये एक नवे मूल्य वाढले, तर तेही निमूटपणे तिच्यात जाईल.

(उ) एकाच ओळीत तीन-चार अधोरेषा येऊ लागल्या, तर फंक्शनच्या रचनेचा पुनर्विचार करावा. मूल्यांना क्रमाऐवजी नावे दिली की हवे ते नावाने मागता येते आणि बाकीचे सोडण्याचा प्रश्नच राहत नाही. पायथॉनमध्ये नेम्ड टपल व डेटाक्लास या रचना यासाठीच आहेत.

७. निष्कर्ष

अनावश्यक मूल्य सोडणे हा आळस नव्हे आणि केवळ लेखनाची सोयही नव्हे. प्रत्येक भागाकाराच्या वेळी काय ठेवावे व काय टाकावे, हे गणेश दैवज्ञांनी पाचशे वर्षांपूर्वी पायरीपायरीने ठरविले. जेथे शंका संभवत होती तेथे ‘निरग्र’ म्हणून स्पष्ट केले आणि शेवटी वाराची परीक्षा राखून ठेवली. आजच्या अधोरेषेमागेही हाच विचार असावयास हवा. कट्ट्यांची थप्पी मोजणाऱ्याने बाकी खुशाल सोडावी. परंतु बारदाना पुरविणाऱ्याने ती सोडली, तर खळ्यावर एक पोते कमी पडते, आणि ते कमी पडल्याचे धान भरताना कळते, आज्ञावली लिहिताना नव्हे. म्हणून प्रत्येक अधोरेषा लिहिण्यापूर्वी ‘हे मूल्य कोणाला आणि कशासाठी लागते?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.